चाकू दगा देतो तो सांध्यात

करवंटीला भोक पाडायचं होतं. एका पावसाळी ट्रेकच्या मुक्कामी करवंटीची पळी करायची टूम निघाली, आणि माझ्या खिशात नवाकोरा फोल्डिंग चाकू होता. जाडजूड काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, बघणाऱ्याला धाक बसेल असं ध्यान. टोक करवंटीवर रोवलं, मूठ डावी-उजवीकडे पिळत दाबत राहिलो, आणि चौथ्या की पाचव्या पिळाला पातं निमूटपणे मिटलं. माझ्या तर्जनीवर. तीन टाके पडले. घरी येऊन चाकू उलटसुलट पाहिला, तर पात्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

मोठा घडीचा चाकू घेणारा बहुतेक जण आधी पात्याचं पोलाद विचारतो, मग जाडी, मग किंमत. पण घडीचा चाकू म्हणजे मुळात कमरेत मोडलेला चाकू. त्या मोडीच्या जागी काय चाललंय, हे कोणी विचारत नाही.

शाळेतली तरफ आठवा. पातं 12 सेंमी लांब आहे आणि ते ज्या खिळीवर फिरतं, तिच्यापासून लॉक, म्हणजे उघडं पातं मिटू न देणारा अडसर, टेकतो ती जागा 6 मिमीवर आहे, असं धरू. म्हणजे 20 पट तफावत. टोकाशी पाठीकडून 5 किलोचा भार आला, तर लॉकवर 100 किलोचा येतो. टोक लाकडात रुतलं आणि हिसका मारून काढलं, की 5 किलो सहज होतात. आणि गंमत अशी, की पातं हवं तेवढं लांब करता येतं. खीळ ते लॉक हे अंतर मात्र वाढवता येत नाही, कारण मूठ शेवटी माणसाच्याच हातात मावायला हवी. त्यामुळे चाकू जितका मोठा, तितकी तरफ त्याच्याच लॉकवर उलटते. लहान चाकूत खपून जाणारा लॉक मोठ्या चाकूत खपत नाही तो यामुळे.

माझ्या चाकूत होता तो लायनर लॉक. मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती स्प्रिंगसारखी आत सरकते आणि पात्याच्या टाचेला मागून टेकू देते. आजचं त्याचं रूप 1980च्या दशकाच्या सुरुवातीला मायकल वॉकर या अमेरिकन कारागिराने दिलं. करायला स्वस्त, एका हाताने उघड-मीट होणारा, त्यामुळे स्वस्त चाकूंत तोच जास्त दिसतो. नीट केलेला असेल तर चांगला चालतो. पण पट्टी आणि टाच भेटतात ती जागा इवलीशी आणि मुद्दाम तिरकी घासलेली असते. त्या उताराचा कोन चुकला, किंवा मूठ पिळल्याने पट्टी केसभर बाजूला झाली, की टेकू घसरतो. करवंटीवर मी नेमकं तेच करत होतो, मूठ पिळत होतो.

त्याआधीची पद्धत म्हणजे पाठीवरचा लॉक. तेव्हा कॅलिफोर्नियात असलेल्या बक कंपनीने 1964 मध्ये काढलेल्या 110 नंबरच्या चाकूने ती घराघरांत नेली. मुठीच्या पाठीवर एक दांडा, मधोमध खिळीवर डोलणारा, बागेतल्या सी-सॉसारखा. एका टोकाचा दात पात्याच्या खाचेत बसतो, दुसरं टोक दाबलं की दात वर येतो. मूठ कितीही पिळा, दात बाजूला सरकायला जागाच नाही. दोष एकच. दात आणि खाच झिजत गेली की पातं वर-खाली हलायला लागतं. अँड्र्यू डेम्को या चाकू करणाऱ्या कारागिराने कोल्ड स्टील कंपनीसाठी केलेल्या ट्राय-अ‍ॅड लॉकमध्ये यावर साधा उपाय आहे. पातं आणि दांडा यांच्यामध्ये पोलादाची एक जाड आडवी पिन घातली, आणि दांड्याचं भोक किंचित लांबट ठेवलं. धक्का पिनेवर जातो, आणि जितकी झीज होईल तितका दांडा आपोआप पुढे सरकून बसतो. मध्यम किमतीत मिळणाऱ्या लॉकांत दणकट म्हणून मी याच्याकडे बोट दाखवीन, बोटावर टाक्यांची खूण असली तरी.

(हिंदी सिनेमात रामपुरी उघडताना जो करकर आवाज होतो, तो पात्याच्या टाचेवरच्या दातांवरून स्प्रिंगची कमान एकेक करून घसरण्याचा. स्पेनमधल्या जुन्या नवाहा चाकूंतही हीच करामत आहे. समोरच्याला धडकी भरवायला उत्तम.)

आणि मग ओपिनेल. फ्रान्समधल्या आल्प्सच्या साव्वा या डोंगरी मुलुखात जोसेफ ओपिनेल याने 1890 मध्ये शेतकऱ्यांसाठी केलेला लाकडी मुठीचा चाकू. 1897 पासून त्याला 1 ते 12 असे नंबर पडले. 12 नंबरचं पातं 12 सेंमीचं. 1955 मध्ये त्यावर फिरणारी कडी आली. सगळा चाकू मिळून भाग पाच: पातं, मूठ, खीळ, लाकडाला आवळून धरणारी पट्टी आणि तिच्यावरून फिरणारी, चीर असलेली कडी. चीर पात्यासमोर आणली की पातं उघडतं, कडी फिरवली की वाट बंद. स्प्रिंग नाही, दात नाही, तिरका कोन नाही. उघडायला दोन हात लागतात आणि कडी फिरवायला विसरलात तर लॉक नाहीच, हे खरं. पण इतक्या कमी पैशांत इतका मोठा आणि भरवशाचा चाकू दुसरा कुठला, हे मला तरी सुचत नाही.

आता पोलाद. जाणकार लोक नावांवर भांडतात, पण निम्मी गोष्ट भट्टीत ठरते. कोकणातला लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून कोयता करतो. तांबडंलाल पातं पाण्यात किंवा तेलात बुडवतो, मग घासून चकचकीत केलेला भाग पुन्हा हलकेच तापवत रंग बघत बसतो: आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळट निळा. बुडवल्यावर कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमध्ये कोंडले जातात आणि पोलाद काचेसारखं कडक पण ठिसूळ होतं. दुसऱ्या तापवण्यात थोडा कडकपणा देऊन चिवटपणा घ्यायचा. गव्हाळ रंग सुमारे 220 अंशांचा, निळा 300 च्या आसपासचा. कारखान्यात रंगाऐवजी थर्मामीटर असतो आणि शेवटी रॉकवेलचा आकडा: 150 किलोच्या भाराने हिऱ्याचा शंकू पोलादात किती रुततो, त्यावरून कडकपणाचं माप. कमी रुतला तर आकडा मोठा. मोठ्या घडीच्या चाकूला 56 ते 59 पुरे. 62 ची फुशारकी मारणारा स्वस्त चाकू मला नको. धार टिकेल, पण हाडावर आपटला तर टवका उडेल आणि घरच्या सहाणेवर परत धार लावताना जीव जाईल.

स्वस्तात हल्ली डी-टू पोलाद फार दिसतं. त्यात सुमारे 12 टक्के क्रोमियम असतं, तरी ते गंजतं. का? कारण कार्बनही दीड टक्का आहे, आणि कार्बन क्रोमियमला ओढून कार्बाइडचे कडक दाणे करतो. दाण्यांनी धार टिकते, पण दाण्यात अडकलेलं क्रोमियम गंजाला अडवायला मोकळं राहत नाही. उलट, स्वीडनचं 12सी27 पाहा: कार्बन 0.6 टक्के, क्रोमियम साडेतेरा. ओपिनेलच्या स्टेनलेस चाकूंचं पोलाद याच जातकुळीचं. मुंबईत किंवा किनाऱ्यावर राहणाऱ्याने हेच घ्यावं. साध्या कार्बन पोलादाला धार झटकन लागते, पण केळफूल किंवा कैरी चिरली की विळीसारखंच ते काळं पडतं. केळफुलातलं टॅनिन आणि लोखंड मिळून जे काळं द्रव्य होतं, तेच जुन्या काळी शाईत असे. तो काळा थर गंज नव्हे. पुसून ठेवलं तर उलट थोडं राखणच करतो.

जाडीबद्दल एवढंच: 2 मिमीचं पातं 4 मिमीचं केलं तर वाकवायला आठपट कठीण होतं, आणि कांदा कापायला पाचर. दोन्ही एका चाकूत मिळत नाही. ज्याला फाटी फोडायची आहेत त्याने कोयता घ्यावा, तो स्वस्तही पडतो.

दुकानात हातात घेतल्यावर पातं उघडा, टोक धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. डावी-उजवीकडचं किंचित हलणं खीळ आवळून जातं. वर-खाली हललं तर परत ठेवा. लायनर लॉक असेल तर पट्टी टाचेच्या किती आत आली ते बघा. जेमतेम कडेवर टेकली असेल तर नको. मग मूठ घट्ट पिळा आणि पट्टी हलते का ते पाहा. मी हे केलं असतं तर टाके वाचले असते.

कायद्याचंही बघावं लागतं. शस्त्र नियम 2016 नुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे, घर-शेती-उद्योग यांसाठी नसलेले चाकू शस्त्रांत मोडतात. महाराष्ट्रात सणासुदीला, निवडणुकीला पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत लहान चाकूही खिशात घालून गर्दीत जाऊ नये. विमानात केबिनच्या सामानात तर नाहीच.

आता माझ्याकडे 10 नंबरचा ओपिनेल आहे, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या मुठीचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो हमखास अडतो. दमट हवेने लाकूड फुगतं, खाच आवळते आणि पातं आत असं रुतून बसतं की नख मोडेल पण निघणार नाही. आल्प्समध्येही हेच होत असणार, कारण तिथे यावर तोडगा आहे आणि त्याला नावही आहे, ‘साव्वावाल्याचा ठोका’: कडी मोकळी करायची, मुठीचं मागचं टोक टेबलावर टकटक आपटायचं, आणि पातं आपोआप बोटभर बाहेर डोकावतं. मी तो पाट्याच्या कडेवर मारतो.