एचडीआर जोडणीसाठी फोटो देण्यापूर्वी: सर्वांत काळा फोटो पुसू नये

एचडीआर जोडणी म्हणजे एकाच दृश्याचे कमी-अधिक उजेडाचे फोटो जोडून गडद आणि उजळ दोन्ही भाग दिसणारा एक फोटो करणे. आमच्या लॅबमध्ये त्यासाठी येणाऱ्या ग्राहकांत घरांचे आतले फोटो काढणारे इंटिरियर डिझायनर असतात, फ्लॅट दाखवणारे दलाल असतात आणि रविवारी तांबेकर वाड्यात किंवा चांपानेरला कॅमेरा घेऊन जाणारे हौशी छायाचित्रकारही असतात. परंतु या सर्वांच्या फोल्डरमध्ये बहुतेक वेळा एकच उणीव आढळते. फोटोंची संख्या पुरेशी असते, फोकस चांगला असतो, ट्रायपॉडही वापरलेला असतो, मात्र संचातला सर्वांत काळा फोटो नसतो. तो एकतर काढलेलाच नसतो, किंवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर जवळजवळ काळाकुट्ट दिसल्यामुळे बिघडला असे समजून पुसून टाकलेला असतो. अशा संचाची जोडणी केली तरी खिडकी पांढरीच राहते, ग्राहकाला त्या जागी पुन्हा जावे लागते आणि दोघांचाही वेळ जातो. म्हणून हे पत्रक काढले आहे. ब्रॅकेटिंग म्हणजे एकाच दृश्याचे कमी-अधिक एक्सपोजरचे फोटो घेणे, एवढे आपल्याला माहीत आहे असे धरून पुढचे लिहिले आहे.

प्रथम तो फोटो इतका महत्त्वाचा का आहे ते सांगतो. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा घ्या. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे, आणि त्यातील मराठा शैलीतील भित्तिचित्रांचे फोटो आमच्याकडे नेहमी येतात. एखाद्या दालनात उभे राहून भिंत आणि खिडकी अशी दोन्ही एका चौकटीत घेतली की अडचण सुरू होते. दिवसा खिडकीपासून दूर, खोलीत साधारण 100 ते 200 लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, तर बाहेर भर उन्हात तो 1,00,000 लक्सपर्यंत जातो. एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट. त्या हिशेबाने आत आणि बाहेर यांत नऊ ते दहा स्टॉपचा फरक झाला. त्यात खोलीतल्या काळवंडलेल्या लाकडाचा आणि पांढऱ्या चुन्याचा आपसांतला फरक सुमारे चार स्टॉपचा. चांगला कॅमेरा 100 आयएसओवर (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) बारा ते चौदा स्टॉप नोंदवतो हे खरे असले, तरी त्यातले तळाचे, म्हणजे सर्वांत गडद, स्टॉप रवाळ (बारीक ठिपकेदार) असतात आणि मोठ्या प्रिंटमध्ये तो रवा स्पष्ट दिसतो. म्हणजे एकाच फोटोत हे दृश्य समाधानकारक बसत नाही.

आता गडद आणि उजळ बाजूंत एक मूलभूत भेद आहे. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूत ठरावीक इतकाच विद्युत्भार मावतो, आणि भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले तरी आतले पाणी वाढत नाही, त्याप्रमाणे तो बिंदू भरला की पुढे आलेल्या प्रकाशाची कोणतीही नोंद राहत नाही. सावलीचा भाग कमी प्रकाशामुळे रवाळ झाला असला तरी त्यात काहीतरी माहिती असते, ती उचलता येते, रवा कमी करता येतो. जळालेल्या, म्हणजे पूर्ण पांढऱ्या झालेल्या, खिडकीत मात्र उचलण्यासारखे काहीच नसते. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात आणि जळालेल्या जागी तिन्ही रंग 255 वर जाऊन बसलेले असतात. ती जागा आम्ही गडद केली तर पांढऱ्याऐवजी राखाडी होते, बाहेरचा कडुनिंब तिथे येत नाही. म्हणूनच संचातला उजळ फोटो राहून गेला तर काम काहीसे निभावते, परंतु काळा फोटो राहून गेला तर ते निभावत नाही.

हा काळा फोटो ओळखायचा कसा, यावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. योग्य काळा फोटो पडद्यावर पाहिला तर त्यात खोली जवळजवळ दिसत नाही. फक्त खिडकीची चौकट, गजांच्या रेषा आणि बाहेरच्या झाडाची हिरवी पाने नीट रंगात दिसतात. एरवी असा फोटो कोणीही ठेवणार नाही, आणि तो पुसला जातो याचे कारणही तेच आहे. पण पडद्यावर डोळ्यांनी पाहून निर्णय घेऊ नये. कॅमेऱ्यात हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद ते उजळ बिंदूंचा आलेख, उघडावा आणि त्याची उजवी कड पाहावी: आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला टेकण्याआधी संपला असेल आणि थोडी जागा रिकामी असेल तर फोटो बरोबर आहे. त्याचबरोबर जळालेला भाग लुकलुकून दाखवण्याची सोय चालू ठेवावी. खिडकीत एकही ठिपका लुकलुकत असेल तर एक्सपोजर आणखी एक पायरी कमी करून पुन्हा फोटो घ्यावा. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो आणि रॉ फाइलमध्ये (सेन्सरने नोंदवलेली मूळ माहिती तशीच ठेवणारी फाइल) त्यापेक्षा थोडी अधिक उजळ माहिती शिल्लक असते, हे काही ग्राहक आम्हाला आवर्जून सांगतात. ते बरोबर आहे. तथापि ती शिल्लक किती हे कॅमेऱ्यागणिक बदलते, म्हणून तिच्यावर विसंबू नये असा आमचा सल्ला आहे. प्रत्यक्ष सूर्य किंवा उघडा बल्ब चौकटीत असेल तर तेवढा ठिपका जळू द्यावा, त्याच्यासाठी खाली खाली जात बसू नये.

काळा फोटो काढलाच जात नाही याचे नेहमीचे कारण म्हणजे ब्रॅकेटिंगची पायरी फार लहान ठेवलेली असणे. आमच्याकडे येणाऱ्या अशा फोल्डरमध्ये तीन फाइल असतात आणि त्यांची माहिती उघडली की शटर 1/40, 1/30 आणि 1/25 सेकंद दिसते, म्हणजे तिन्हींत मिळून जेमतेम दोन तृतीयांश स्टॉपचा फरक. असे तीन फोटो म्हणजे एकच फोटो तीनदा घेतल्यासारखे आहे. कॅमेऱ्यात ही पायरी दोन स्टॉपची करावी. वर सांगितलेल्या वाड्याच्या दालनासाठी अ‍ॅपर्चर (भिंगाच्या छिद्राचा आकार) एफ 8 आणि आयएसओ 100 ठेवून 1/500, 1/125, 1/30, 1/8, 1/2 आणि 2 सेकंद असे सहा फोटो घेतले, तर खिडकीबाहेरच्या उन्हापासून कोपऱ्यातल्या खांबापर्यंत सर्व काही येते. आपल्या कॅमेऱ्यात एका वेळी तीनच फोटोंचे ब्रॅकेटिंग असेल तर मॅन्युअलवर जाऊन शटरचे चाक फिरवत हे सहा फोटो हाताने घेता येतात, त्याला एक मिनिटही लागत नाही. चांपानेरच्या जामा मशिदीत खांबांच्या रांगांमधून चौकाकडे पाहतानाही हाच हिशेब लागू पडतो. उघड्यावर, सूर्य पाठीशी असताना, हा सगळा खटाटोप करण्याची गरज नाही. तिथे एक रॉ फाइल पुरते.

फरक शटरनेच करावा, अ‍ॅपर्चरने नाही, कारण अ‍ॅपर्चर बदलले की फोकसची खोली बदलते आणि खांबांच्या कडा एकमेकांवर नीट बसत नाहीत. ऑटो आयएसओ बंद करावा. तो चालू राहिला आणि शटर हाताने बदलले तर कॅमेरा आपण केलेला फरक गुपचूप भरून काढतो आणि सहाही फोटो सारखे येतात. फोकस एकदा साधून मॅन्युअलवर टाकावा, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सोय) एका जागी ठेवावा, आणि ट्रायपॉडवर असताना दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबण्याचा धक्का बसत नाही. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हे घरातून निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे. परवानगी नसेल तर भिंतीला किंवा खांबाला टेकून, सलग वेगाने फोटो घ्यावेत. थोडेसे सरकलेले फोटो आम्ही जुळवून देतो. पंखा, झेंडा, हलणारी पाने आणि माणसे यांची दुहेरी छाया मात्र प्रत्येक संचात हाताने काढावी लागते, म्हणून त्याला अधिक वेळ लागतो आणि त्याचे दरही वेगळे आहेत.

गणपतीच्या मंडपाबाबत एक वेगळी सूचना. एलईडीच्या माळा आणि ट्यूबलाइट आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, आणि वेगवान शटरच्या काळ्या फोटोत त्याचे आडवे पट्टे उमटतात. अशा ठिकाणी अ‍ॅपर्चर एफ 11 पर्यंत मिटवून सर्वांत वेगवान फोटोचा शटर 1/100 सेकंदाहून जलद होणार नाही असे पाहावे. गरब्याच्या मैदानात तर ब्रॅकेटिंगचा उपयोगच नाही, कारण दोन फोटोंमध्ये नाचणारा माणूस जागेवर राहत नाही. तिथे दिव्यांचा उजेड जळणार नाही इतपत गडद अशी एकच रॉ फाइल घ्यावी, सावली आम्ही उचलून देऊ.

एका जेपेगवरून एचडीआर करून द्या, अशी मागणी रोज होते आणि ती आम्ही नम्रपणे नाकारतो. तसे करणारे सॉफ्टवेअर आमच्याकडेही आहे. त्याने रंग भडक होतात, भिंतीची पोपडी उठून दिसते, पण जे नोंदलेच गेले नाही ते येत नाही, आणि अशा कामासाठी एचडीआरचे पैसे घेणे आम्हाला योग्य वाटत नाही. दुसरे आकाश लावून हवे असल्यास तेही करून देतो. मात्र पावतीवर ते काम आकाश बदलणे असेच लिहितो. दोन एक्सपोजर जोडण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सचे गुस्ताव ल ग्रे यांनी 1850 च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवर आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हवर घेऊन एकत्र छापले, कारण त्या काळच्या काचेवर दोन्ही एकदम येत नसत. वेगवेगळ्या एक्सपोजरमधून दृश्यातला खरा प्रकाश गणिताने परत मिळवण्याची सध्या रूढ असलेली एक पद्धत पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी 1997 मध्ये मांडली. दोन्ही वेळी उजळ भागासाठी एक गडद नोंद हवीच होती.

आमचे प्रिंट साधे वाटतात, अजून चटकदार करा, असेही काही ग्राहक सांगतात. चकचकीत कागद फार तर सात स्टॉप दाखवतो आणि मॅट कागद सुमारे पाच. चौदा स्टॉपचे दृश्य त्यात उतरवताना प्रत्येक भाग थोडा थोडा दाबावा लागतो, आणि तो फार दाबला की कीर्तिमंदिराच्या शिखराभोवती पांढरी कड उमटते, ढग काळवंडतात, माणसांचे चेहरे मातकट होतात. बारा बाय अठरा इंचाचे प्रिंट भिंतीवर लावल्यानंतर ही कड दर वेळी डोळ्यांत खुपते, म्हणून आम्ही तिथवर जात नाही. खोली खोलीसारखी आणि ऊन उन्हासारखे दिसावे, खिडकी खोलीपेक्षा उजळच राहावी, अशा बेताने आम्ही छापतो. तरीही आपल्याला अधिक गडद-उजळ हवे असल्यास दोन प्रकारे काढलेले चार बाय सहाचे नमुने पाहून निवड करता येते.

अलीकडच्या फोनवर हेच फोटो झगझगीत दिसतात आणि प्रिंट फिके वाटते, याचे कारण वेगळे आहे. ते फोन फोटोतल्या उजळ जागी पडदा खरोखरच अधिक प्रखर करतात; कागद तर खोलीतला उजेडच परत पाठवतो. फोनचे फोटो छापायला अवश्य आणावेत, कारण फोन स्वतःच अनेक फोटो जोडत असतो आणि लहान आकारात ते चांगले येतात. केवळ ते व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नयेत, कारण तिथे फाइल लहान होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत किंवा पेनड्राइव्हवर आणावेत.

काम देताना कार्डावरचा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा आणावा, निवड करू नये, काहीही पुसू नये आणि शक्यतो रॉ फाइल आणाव्यात. चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384 पायऱ्या असतात आणि त्यांतल्या अर्ध्या सर्वांत उजळ स्टॉपमध्येच असतात, त्यामुळे उजळ फोटोंतून सावल्या फार स्वच्छ निघतात. फोल्डर काउंटरवरच आपल्यासमोर उघडून काळा फोटो आहे की नाही हे आम्ही लगेच सांगतो. या तपासणीचे पैसे घेत नाही, आणि काम दुसरीकडे द्यायचे असले तरी तपासून देतो. कॅमेऱ्यात दोन स्टॉपची पायरी कशी लावायची हे कळत नसेल तर कॅमेराच घेऊन यावे. दुपारी दोन ते पाच गर्दी कमी असते, तेव्हा आपल्या मॉडेलवर बसवून दाखवता येते. कार्ड चुकून पुसले गेले असेल तर त्यावर नवीन फोटो न काढता ते तसेच आणावे. बऱ्याच वेळा पुसलेल्या फाइल परत मिळतात. गणेशोत्सव आणि नवरात्र यांच्या आधीच्या पंधरवड्यात मोठ्या प्रिंटना नेहमीपेक्षा अधिक दिवस लागतात, तेव्हा मंडळांनी आपले संच थोडे आधी द्यावेत.