संयुक्त इंधन खाते

ग्रेट ब्रिटनमधील घरगुती ग्राहक वीज आणि नळाने येणारा नैसर्गिक वायू एकाच पुरवठादाराकडून घेतो व दोहोंचा हिशेब एकाच खात्यावर ठेवला जातो, तेव्हा त्यास संयुक्त इंधन खाते म्हणतात. तेथील बोलीत ‘ड्युअल फ्युएल’ हा शब्द रूढ आहे. वीज एका कंपनीची व गॅस दुसरीचा असेल तर ती स्वतंत्र खाती होत. एकाच कंपनीकडे दोन करार, दोन खाते क्रमांक आणि दोन बिले असा तिसरा प्रकारही आढळतो. दरपत्रकात तो पुष्कळदा संयुक्त म्हणूनच मोजला जातो.

हे संयुक्तपण हिशेबाच्या वहीपुरते असते. त्याखालचा पुरवठा कायद्याने आणि यंत्रणेनेही दुहेरीच राहतो. गॅसविक्रीचा परवाना १९८६ च्या गॅस कायद्याखाली मिळतो आणि विजेचा १९८९ च्या वीज कायद्याखाली. विजेच्या जोडणीस १३ अंकी क्रमांक असतो, तर गॅसच्या जोडणीस ६ ते १० अंकी. गॅसचा मीटर घराबाहेरच्या पेटीत आणि विजेचा जिन्याखालच्या कपाटात, अशी अनेक जुन्या घरांतली मांडणी आहे. सवलत, थकबाकी, पुरवठादार बदलणे, सरकारी मदत यांपैकी कोणत्याही बाबीत वाद निघाला, तर तो वहीच्या पातळीवरचा आहे की जोडणीच्या, हे आधी पाहावे लागते.

संज्ञा : ‘ड्युअल फ्युएल’ हा शब्दप्रयोग मूळचा अभियांत्रिकीतला. डिझेलच्या थोड्या फवाऱ्याने पेट घेऊन मुख्यतः वायूवर चालणाऱ्या इंजिनास हे विशेषण लावत. वर गॅसचे बर्नर आणि खाली विजेची भट्टी असलेल्या शेगडीलाही ते लागले. खात्याला ते लागले ते विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. काटेकोरपणे पाहता वीज हे इंधन नव्हेच, आणि ब्रिटनमधील विजेचा मोठा हिस्सा वायू जाळूनच तयार होत आला आहे. म्हणजे संयुक्त खात्याच्या ग्राहकाला एकच इंधन दोन वाटांनी येते, असेही म्हणता येईल. पण संज्ञा रुजली आहे आणि ती बदलण्यात अर्थ नाही.

उगम : संयुक्त खात्याचा आरंभ नेमका कोठून धरावा याबद्दल एकवाक्यता नाही. काही मांडण्या थेट नगरपालिकांच्या काळापर्यंत मागे जातात. लंडनमधील गॅस लाइट अँड कोक कंपनीला १८१२ मध्ये सनद मिळाली. विजेचा सार्वजनिक पुरवठा गोडाल्मिंग येथे १८८१ मध्ये सुरू झाला. पुढे अनेक नगरपालिकांकडे दोन्ही सेवा आल्या. मँचेस्टरमध्ये सार्वजनिक मालकीचे गॅसकेंद्र १८१७ पासून होते व पालिकेची वीज १८९३ पासून. मात्र मालक एक असला म्हणून खाते एक होते असे ठरत नाही. दोन्ही सेवा एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या. दिवे गॅसचे की विजेचे, स्वयंपाक कशावर, यावरून त्यांची चुरस चाले. एकाच बाजारपेठेत गॅसची आणि विजेची वेगवेगळी विक्रीदालने असत. त्यामुळे हा काळ संयुक्त खात्याची पूर्वपीठिका मानावा, आरंभ मानू नये, हे अधिक सयुक्तिक दिसते.

राष्ट्रीयीकरणाने ही फारकत पक्की केली. वीज १ एप्रिल १९४८ रोजी आणि गॅस १ मे १९४९ रोजी सरकारी मालकीचा झाला. गॅससाठी १२ विभागीय मंडळे नेमली गेली. विजेसाठी उत्तर स्कॉटलंडचे जलविद्युत मंडळ वगळून १४ मंडळे होती. दोहोंच्या सीमा जुळत नव्हत्या. गॅसच्या एकाच मंडळातल्या दोन शेजारी गावांची वीजमंडळे निराळी असू शकत, म्हणून एकत्र बिल काढायचे ठरवले असते तरी ते कोणी काढायचे हा प्रश्न उरलाच असता. १९७३ मध्ये गॅस मंडळे विसर्जित होऊन ब्रिटिश गॅस कॉर्पोरेशन झाले. वीजमंडळे मात्र विभागवारच राहिली. खासगीकरणही वेगवेगळे झाले. गॅसचे डिसेंबर १९८६ मध्ये देशव्यापी एक कंपनी म्हणून, तर इंग्लंड व वेल्समधील वीजवितरणाचे डिसेंबर १९९० मध्ये १२ प्रादेशिक कंपन्यांच्या रूपाने.

संयुक्त खाते शक्य झाले ते घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडण्याची मुभा मिळाल्यावर. गॅसबाबत ही मुभा एप्रिल १९९६ मध्ये कॉर्नवॉल, डेव्हन व सॉमरसेट या परगण्यांत प्रायोगिक रीतीने दिली गेली आणि मे १९९८ पर्यंत ती सर्वत्र लागू झाली. विजेबाबत ती सप्टेंबर १९९८ ते मे १९९९ या काळात टप्प्याटप्प्याने आली. येथे दोन मते संभवतात. एका मताप्रमाणे जुन्या गॅस कंपनीने १९९८ नंतर वीज विकायला घेतली तेव्हा संयुक्त खाते जन्मले. आपल्या गॅसग्राहकांच्या यादीवर तिने विजेचा व्यवसाय उभारला हे खरेच. पण प्रायोगिक भागातला वीजग्राहक आधीपासून प्रादेशिक वीजकंपनीचाच होता. गॅसचा बाजार खुला होताच तिने गॅस देऊ केला की एकाच कंपनीकडून दोन्ही घेण्याची शक्यता दोन वर्षे अगोदरच निर्माण होत होती. या दृष्टीने १९९६ हे शक्यतेचे व १९९८–९९ हे प्रसाराचे वर्ष मानणे योग्य ठरेल. गॅस व वीज यांची स्वतंत्र नियामक कार्यालये १९९९ मध्ये एकत्र करून ऑफजेम स्थापन झाले. ग्राहकाचे खाते आणि त्यावरचे नियंत्रण ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी जोडली गेली, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

सवलत व दर : दोन्ही सेवा एकत्र घेणाऱ्यास वर्षाला काही पौंडांची सूट देणे हे सुरुवातीचे मुख्य आकर्षण होते. ज्या घरांत गॅसची नळजोडणी नाही त्यांना ही सूट मिळणेच शक्य नव्हते. ऑफजेमने २००८ मध्ये केलेल्या बाजारतपासणीत हा मुद्दा आला. जुन्या वीजकंपन्या आपापल्या मूळ प्रदेशातील ग्राहकांकडून बाहेरच्यांपेक्षा जास्त दर घेत होत्या, हेही त्यात दिसून आले. पुढे किरकोळ बाजाराच्या फेरआढाव्यानंतर प्रत्येक इंधनासाठी कमाल चार मूळ दर आणि संयुक्त खात्याची सवलत ठराविक रकमेतच, असे निर्बंध घातले गेले. स्पर्धा व बाजार प्राधिकरणाच्या जून २०१६ च्या अहवालाने चार दरांचे बंधन काढण्याची शिफारस केली व ते निघाले.

१ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या कमाल दरमर्यादेत वीज व गॅस यांचे हिशेब वेगवेगळे होतात. संयुक्त खात्याला निराळी, कमी मर्यादा नाही. वृत्तपत्रांत झळकणारा वार्षिक आकडा म्हणजे डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँक खात्यातून आपोआप वळत्या होणाऱ्या हप्त्याने, पैसे भरणाऱ्या सर्वसाधारण घराच्या दोन हिशेबांची बेरीज. एप्रिल २०२४ ची मर्यादा उदाहरणादाखल घेता येईल. विजेचा दर युनिटला (किलोवॉट-तासाला) २४.५० पेन्स व स्थिर आकार रोज ६०.१० पेन्स होता, गॅसचा दर ६.०४ पेन्स व स्थिर आकार ३१.४३ पेन्स. वर्षाला २,७०० युनिट वीज धरली तर सुमारे ८८१ पौंड होतात आणि ११,५०० युनिट गॅस धरला तर सुमारे ८०९. बेरीज १,६९० पौंड, आणि तोच आकडा जाहीर झाला होता. त्यातला जवळजवळ पंचमांश भाग स्थिर आकाराचा आहे. खाते एक असले तरी स्थिर आकार दोन लागतात. नवख्या ग्राहकाचा गैरसमज सर्वाधिक येथेच होतो.

बिलातील गॅसचा हिशेब : संयुक्त बिलावर दोन्ही इंधने किलोवॉट-तास या एकाच एककात दाखवतात, त्यामुळे ती सारख्याच रीतीने मोजली जातात असे वाटते. वीज मीटरवरच युनिटांत मोजली जाते. गॅसचा मीटर मात्र आकारमान मोजतो. नव्या मीटरवर घनमीटर असतात आणि जुन्यांवर घनफूट. शंभर घनफुटांच्या आकड्यास २.८३ ने गुणून घनमीटर काढतात. मग तापमान व दाब यांसाठी १.०२२६४ हा गुणक लावून, त्या काळात पुरवलेल्या वायूच्या कॅलरीमूल्याने (एक घनमीटर वायू जाळल्यावर मिळणाऱ्या उष्णतेने) गुणून, ३.६ ने भागतात. १०० घनमीटर गॅस आणि ३९.५ मेगाजूल प्रतिघनमीटर असे कॅलरीमूल्य घेतल्यास सुमारे १,१२२ युनिट येतात. कॅलरीमूल्य प्रदेश व काळ यांप्रमाणे बदलते, म्हणून दोन महिन्यांत मीटर सारखाच फिरला तरी युनिट किंचित वेगळे येऊ शकतात. मीटर घनफुटांचा असून खात्यात घनमीटरचा नोंदला गेला, तर वापर प्रत्यक्षाच्या जेमतेम एकतृतीयांश दिसतो. उलट झाले तर जवळजवळ तिप्पट. घरगुती वापरावरचा मूल्यवर्धित कर दोन्हींवर ५ टक्केच आहे. १९९४ मध्ये तो ८ टक्क्यांनी सुरू होऊन १९९७ मध्ये उतरवला गेला.

आगाऊ पैसे भरण्याच्या मीटरांत संयुक्तपण जवळजवळ नाहीसे होते. विजेसाठी प्लास्टिकची चावी आणि गॅससाठी कार्ड दुकानात नेऊन वेगवेगळे भरावे लागते. चावीवर पैसे शिल्लक असले तरी गॅस संपला की संपला, एकाची रक्कम दुसऱ्याला वळत नाही. स्मार्ट मीटरवर भरणा फोनवरून होतो, तरी शिल्लक वेगळीच राहते. असा ग्राहक थकबाकीसह पुरवठादार बदलू लागल्यास प्रत्येक इंधनामागे ५०० पौंडांपर्यंतची थकबाकी नव्या पुरवठादाराकडे सोपवता येते. ही मर्यादाही इंधनवार आहे, खातेवार नाही.

पुरवठादार बदलणे : दीर्घकाळ विजेची व गॅसची बदलप्रक्रिया निरनिराळ्या नोंदप्रणालींतून, निरनिराळ्या नियमसंहितांखाली चाले. परिणामी संयुक्त खाते हलवताना वीज एका तारखेस व गॅस दुसऱ्या तारखेस जाई, आणि मधले काही दिवस ग्राहक नकळत स्वतंत्र खात्यांचा धनी होई. १८ जुलै २०२२ पासून दोहोंसाठी एकच मध्यवर्ती प्रणाली आली व बदल साधारण पाच कामकाजी दिवसांत होऊ लागला. मुदतबंद करार मोडण्याचे शुल्क असल्यास ते सामान्यतः प्रत्येक इंधनासाठी वेगळे आकारतात. कराराच्या शेवटच्या ४९ दिवसांत ते घेता येत नाही.

स्मार्ट मीटरमध्ये गॅस हा विजेचा आश्रित असतो. संदेश पाठवणारे उपकरण बहुधा विजेच्या मीटरवर बसवतात. बॅटरीवर चालणारा गॅसमीटर ठरावीक अंतराने जागा होऊन आपले वाचन त्याच्याकडे देतो. पुरवठादार एक असेल तर एका भेटीत काम उरकते. दोन असतील तर दुसऱ्याला पहिल्याच्या उपकरणाशी जोडून घ्यावे लागते. घरात ठेवायचा दर्शक मात्र दोन्ही आकडे दाखवू शकतो, खाती कितीही असोत.

डायरेक्ट डेबिटची मासिक रक्कम संयुक्त खात्यात पुरवठादार दोन इंधनांत वाटतो. गॅसचा वापर हिवाळ्यात एकवटत असल्याने उन्हाळ्यात त्या बाजूला शिल्लक साचते, आणि विजेकडे थकबाकी दिसत असतानाही एकूण खाते जमेत असू शकते. स्वतंत्र खात्यांत हे परस्पर भरून निघत नाही. २०२२–२३ च्या हिवाळ्यात सरकारने प्रत्येक घराला दिलेली ४०० पौंडांची मदत सहा हप्त्यांत विजेच्या खात्यावर जमा झाली. गॅस दुसरीकडून घेणाऱ्यांचे विजेचे खाते त्यामुळे फुगले, पण थंडीतले गॅसचे बिल होते तसेच राहिले. अल्प उत्पन्नाच्या घरांसाठी असलेली वॉर्म होम डिस्काउंट ही सवलतही मुळात विजेची. दोन्ही सेवा एकाच पुरवठादाराच्या असतील तर ती गॅसच्या बाजूस मागता येऊ शकते. वृद्ध व आजारी ग्राहकांच्या प्राधान्य नोंदवहीत नाव घालायचे झाल्यास स्वतंत्र खातेदाराने दोन्ही कंपन्यांना कळवावे लागते.

अलीकडे स्वतंत्र खात्यांकडे कल होण्यास विजेवरची मोटार हे एक कारण आहे. रात्री स्वस्त वीज देणारा दर एका कंपनीचा आणि गॅसचा दर दुसरीचा चांगला, असे जमते. उष्णता पंप (बाहेरच्या हवेतली वा जमिनीतली उष्णता विजेच्या साहाय्याने घरात आणणारे यंत्र) बसवून गॅस पूर्ण सोडणाऱ्याचे खाते आपोआप एकेरी होते. मात्र गॅसचा स्थिर आकार थांबवण्यासाठी नुसता वापर बंद करून भागत नाही, गॅसचा पुरवठा रीतसर संपवावा लागतो. इंग्लंड व वेल्समध्ये अशा पंपांसाठीचे अनुदान ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंड आहे.

उत्तर आयर्लंडला वरील बहुतेक विवेचन लागू पडत नाही. तेथे ऑफजेमचा अधिकार नसून नियामक वेगळा आहे. नैसर्गिक वायू तेथे स्कॉटलंडहून समुद्राखालून वाहिनी टाकल्यावर, १९९६ च्या सुमारास पोहोचला. बहुसंख्य घरे तेलावर तापवली जातात आणि तेल टँकरने मागवून टाकीत भरतात.