हेगचा रस्ता आणि एलएलबीचा एक पेपर

८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेच्या बंदरात बोटीतून उडी मारली, हे शाळेतच पाठ होतं. पुढचा भाग भेटतो तो कायद्याच्या पोरांना. किनाऱ्यावर फ्रेंच पोलिसाने पकडून त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं आणि वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा असा: ताब्यात देताना चूक झाली, पण तेवढ्यासाठी कैदी परत करावा असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. पक्षकार ब्रिटन आणि फ्रान्स. हिंदुस्थानला तिथे उभं राहायला जागाच नव्हती.

त्यामुळे आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय शिकून करायचं काय, हा प्रश्नही आपल्याकडे उशिरा पडला. ऑक्सफर्डला त्याचं अध्यासन १८५९ पासून होतं. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज त्याहून चार वर्षांनी जुनं, पण तिथून बाहेर पडणाऱ्याचं लक्ष हायकोर्टाकडे. स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाने कायदा व करार विभाग काढला, १९५९ मध्ये दिल्लीत इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ सुरू झाली. म्हणजे नोकरी देणारं मुख्यतः सरकार, आणि जागा बोटांवर मोजण्याएवढ्या. बाकीच्यांसाठी हा विषय म्हणजे गाइड वाचून काढायचा एक पेपर. बार कौन्सिलने तो सक्तीचा केला, तरी ती सवय फारशी मोडली नाही.

१९८८ मध्ये बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी बसली आणि मूट कोर्टाचं, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्यांच्या स्पर्धांचं, वेड पसरलं. दोन काल्पनिक देश, त्यांचं खोटं भांडण, त्यावर रात्र रात्र जागून लिहिलेले युक्तिवाद. खरं काम मात्र पैशाच्या वाटेने आलं. उदारीकरणानंतर भारताने परदेशी गुंतवणूकदारांना संरक्षण देणारे करार केले. २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियन कंपनी त्यातल्याच एका करारावर भारताविरुद्ध जिंकली. कारण काय, तर आपल्या कोर्टांची दिरंगाई! मग सरकारलाही या विषयातले वकील लागू लागले, कंपन्यांनाही. २०१६ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र उभं राहिलं.

लायडन किंवा जिनिव्हाच्या एलएलएमकडे, म्हणजे एलएलबीनंतरच्या पदवीकडे, आज पोरं वळतात त्यामागे हे आहे. त्या पदवीने तिथल्या कोर्टात उभं राहण्याची सनद आपोआप मिळत नाही, हे काहींना कर्ज काढल्यावर कळतं.

२०१९ मध्ये कुलभूषण जाधव खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताची बाजू मांडली ती नागपूरला एलएलबी झालेल्या हरीश साळवे यांनी. फी एक रुपया. त्या आकड्यावरून करिअरचा अंदाज बांधू नये.