आयसीटीसीचा समुपदेशक आणि एआरटीचा समुपदेशक: पद एकच, नोकऱ्या दोन

एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या कंत्राटी भरतीत 'समुपदेशक' हे पद बऱ्याचदा दोन ठिकाणी दिसतं: आयसीटीसीसमोर (एचआयव्ही चाचणीचं केंद्र) आणि एआरटी केंद्रासमोर (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं केंद्र). पात्रता जवळपास तीच. समाजकार्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र असल्या विषयांतली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, सोबत अनुभव. मोठ्या रुग्णालयात तर दोन्ही खोल्या एकाच व्हरांड्यात असू शकतात. म्हणून एमएसडब्ल्यू झालेली मुलं दोन्हीकडे अर्ज टाकतात आणि जिथे यादीत नाव लागेल तिथे रुजू होतात. नोकरीची गरज असताना त्यात गैर काही नाही. पण एका खोलीत रमणारा माणूस दुसऱ्या खोलीत वर्षभरात कंटाळू शकतो, इतकं हे काम वेगळं आहे.

आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. इथे येणाऱ्या बहुतेकांचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो, हे नवख्यांच्या ध्यानात नसतं. सकाळी एएनसी ओपीडीतून गरोदर बायकांची रांग लागते. मग क्षयरोग विभागाने पाठवलेले, गुप्तरोग ओपीडीतून आलेले आणि मध्येच स्वतःहून आलेला, खुर्चीच्या कडेवर बसलेला एखादा कॉलेजचा पोरगा. प्रत्येकाला आधी माहिती द्यायची, संमती घ्यायची, रक्त द्यायला पाठवायचं आणि रिपोर्ट हातात देताना पुन्हा बोलायचं. पहिली चाचणी नॉन-रिॲक्टिव्ह आली की रिपोर्ट निगेटिव्ह. रिॲक्टिव्ह आली, तर वेगळ्या किटवर आणखी दोन चाचण्या झाल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणायचं नाही. हा क्रम साध्या मराठीत समजावता आला पाहिजे, कारण गावाकडच्या केंद्रात एका किटवर चाचणी होते आणि खात्री करण्यासाठी माणूस इथे येतो. येईपर्यंत त्याने मनात सगळं ठरवून टाकलेलं असतं. उलट बाजूने, परवाच जोखीम घेऊन आज निगेटिव्ह रिपोर्ट मिळाल्यावर खूश झालेल्याला विंडो पिरियड (लागण होऊनही चाचणीत न दिसण्याचा सुरुवातीचा काळ) सांगून तीन महिन्यांनी परत बोलवावं लागतं. तो कितपत परत येतो, हा भाग वेगळा.

थोडक्यात, आयसीटीसीतली ओळख बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटांची. अपवाद पॉझिटिव्ह निघालेल्या गरोदर बाईचा. तिची औषधं, दवाखान्यातली प्रसूती, बाळाचं औषध, सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब आणि अठराव्या महिन्यातली शेवटची चाचणी, हे सगळं याच खोलीच्या रजिस्टरमधून चालतं. आयसीटीसीत मन लावून काम करणाऱ्याला विचारा, तो अठराव्या महिन्याला निगेटिव्ह निघालेल्या बाळांबद्दलच बोलेल.

एआरटी केंद्रात उपचाराला येणारा माणूस पॉझिटिव्हच असतो. भारतात सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, आणि सुरुवातीच्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. तेव्हा सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचं प्रमाण) किती खाली गेलं यावर गोळ्या सुरू व्हायच्या. २०१७ पासून धोरण बदललं: पॉझिटिव्ह असेल त्या प्रत्येकाला उपचार. साहजिकच अजून काहीच न दुखणारे, रोज कामावर जाणारे लोकही रोज गोळी घेऊ लागले. धडधाकट माणसाला आयुष्यभर रोज एक गोळी घ्यायला तयार ठेवणं हे आजाऱ्याला तयार करण्यापेक्षा अवघड असतं. एआरटीच्या समुपदेशकाची खरी कसोटी तिथे लागते.

त्याचं हत्यार म्हणजे गोळ्यांचा हिशोब. रुग्णाने डबा परत आणायचा, उरलेल्या गोळ्या मोजायच्या. सातत्य ९५ टक्क्यांवर हवं. तीस दिवसांत एक गोळी चुकली तर चालतं, दुसरी चुकली की ९३ टक्के. एवढं गणित तोंडपाठ असतं. पण डब्यात पाच गोळ्या का उरल्या, हे गणितात नसतं. सासरी डबा लपवावा लागतो, रात्रपाळी असते, दारू असते, बाबांनी दिलेला अंगारा असतो. ऊसतोडीला निघालेलं जोडपं असेल, तर दिवाळीच्या सुमारास गाव सोडायच्या आधीच विचारायचं की कुठल्या कारखान्यावर जाताय. मग जास्त महिन्यांच्या गोळ्या देता येतात का, तिकडच्या केंद्राकडे ट्रान्सफर करायचं का, ते ठरवायचं. हे विचारायचं राहून गेलं, की तो माणूस आधी 'मिस्ड' आणि मग 'एलएफयू'च्या (लॉस्ट टू फॉलोअप, म्हणजे संपर्क तुटलेल्यांच्या) यादीत जातो. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, हजाराच्या वर आला, की त्याच माणसाला दर महिन्याला बसवून बोलायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करायची. तोच माणूस, तीच खुर्ची, वर्षानुवर्षं. त्याच्या मुलीचं लग्नही तुम्हाला कळतं.

माणसं निसटतात ती बहुतेकदा या दोन खोल्यांच्या मध्ये. आयसीटीसीने चिठ्ठी दिली, एआरटीत नोंद झालीच नाही. चांगला आयसीटीसी समुपदेशक चिठ्ठी देऊन थांबत नाही, माणसाला उठून पलीकडे सोडून येतो. केंद्र दुसऱ्या गावी असेल, तर पुढच्या आठवड्यात फोन करतो. आयसीटीसी आणि एआरटीची भांडणंही याच जागी होतात. आकडे जुळले नाहीत की दोघंही एकमेकांच्या रजिस्टरकडे बोट दाखवतात.

कायदा मात्र दोघांना सारखाच लागू आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यातला जोडीदाराला सांगण्याचा भाग मुलाखतीआधी नीट वाचून जा. जोडीदाराला स्थिती सांगण्याची मुभा फक्त डॉक्टरला आणि समुपदेशकाला आहे, तीही सरसकट नाही. जोडीदाराला खराखुरा धोका हवा. रुग्णाला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन झालेलं हवं. तो सांगणार नाही अशी खात्री पटायला हवी, आणि 'आता मी सांगणार आहे' हे त्याला आधी कळवायला हवं. बाईच्या बाबतीत सांगितल्यामुळे मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर सांगायचं नाही. 'नवऱ्याला सांगणं तुमचं कर्तव्य नाही का?' या प्रश्नावर उमेदवार धडाधड 'हो' म्हणून मोकळे होतात.

मला विचाराल, तर चटकन माणूस ओळखून कमी शब्दांत बोलता येणाऱ्याने आयसीटीसी बघावं. तिथे शिबिरं, गावोगावचे दौरे, खालच्या केंद्रांवर देखरेख, असं फिरणंही असतं. तेच तेच ऐकून न कंटाळणाऱ्याने, आणि रुग्ण खोटं बोलला तरी त्याच्यावर न चिडणाऱ्याने, एआरटी. पगारावरून ठरवण्यासारखं फारसं काही नसतं. एआरटीत केअर कोऑर्डिनेटर हेही एक पद असतं, ते एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीसाठी ठेवलेलं. नवा समुपदेशक त्याच्याकडून जे शिकतो ते कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत.

टीआय, म्हणजे जास्त जोखमीच्या गटांसाठीच्या प्रकल्पातला समुपदेशक हा तिसरा. तो स्वयंसेवी संस्थेचा नोकर असतो आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी, ट्रकचालक अशा गटांसोबत काम करतो. त्याचा हिशोबच वेगळा.

जाहिरातीबद्दल एक गोंधळ कायम होतो. मुंबईचं काम मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था बघते, उरलेल्या राज्याचं महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, आणि दोन्हींची कार्यालयं वडाळ्याच्या ॲकवर्थ आवारात. पत्ता जवळजवळ सारखा म्हणून अर्ज भलत्याच दारात जातो. जिल्ह्यातल्या जागांसाठी जिल्हा रुग्णालयातल्या डापकूत (जिल्हा एड्स नियंत्रण पथकाच्या कार्यालयात) चौकशी करा. गोव्यासाठी पणजीची एड्स नियंत्रण सोसायटी.

निवड झाल्यावर प्रशिक्षण मिळतंच, पण बॅच भरेपर्यंत तुम्ही खुर्चीत बसलेले असता. तोवर नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) संकेतस्थळावरची मार्गदर्शक पुस्तकं मोफत वाचता येतात. आयसीटीसीसाठी २०१६ ची समुपदेशन आणि चाचणी सेवांची, एआरटीसाठी २०२१ ची उपचारांची. इंग्रजी जड वाटलं, तर निदान सातत्याचं प्रकरण आणि चाचणीक्रमाची आकृती बघून जा. आणि १०९७ या मोफत हेल्पलाइनवर एकदा स्वतः फोन करून पाहा, पलीकडचा माणूस संमतीपासून विंडो पिरियडपर्यंत काय आणि कोणत्या शब्दांत सांगतो ते कळेल.