कळकलेलं तांबं

तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, हे आपल्याकडे रसायनशास्त्र न शिकलेल्या आजीलाही ठाऊक असतं. कल्हईवाला दारावर यायचा तो याचसाठी. पण धातूला कळकायला वर्षानुवर्षं मोकळीक मिळाली तर काय होतं, ते पाहायला मिळालं अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, सेलम शहरातल्या सरकारी मनोरुग्णालयात.

रुग्णालय १८८३ सालचं. २००४ मध्ये राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष पीटर कोर्टनी आणि काही लोकप्रतिनिधी तिथे पाहणीला गेले, तेव्हा जुन्या इमारतीचे कित्येक विभाग ओस पडले होते. रंगाचे पोपडे, गळकी छतं, गंजलेल्या जाळ्या. ओसाड इस्पितळाच्या फोटोंत हे सगळं नेहमीच दिसतं. इथे मात्र एका खोलीत फळ्यांवर तांब्याचे डबे ओळीने मांडलेले होते. रंगाच्या लहान डब्याएवढा एकेक. असे सुमारे साडेतीन हजार. प्रत्येकात एका माणसाची राख.

१९१४ पासून १९७० च्या दशकापर्यंत इथे मरण पावलेल्या, आणि ज्यांना न्यायला कुणीच आलं नाही अशा माणसांना आवारातल्याच दाहगृहात जाळलं जाई. जुनी दफनभूमी मोडली तेव्हा पुरलेले देहही उकरून जाळले गेले. राख डब्यात, डब्याच्या झाकणावर ठोकलेला एक आकडा. आपल्याकडे अस्थी सावडायला चार माणसं तरी जमतात. या माणसांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

१९७६ मध्ये हे डबे जमिनीखालच्या तळघरात ठेवले गेले. त्या खोलीतल्या फळ्यांवर ते आले ते नंतर. तळघरात पाणी शिरत राहिलं, आणि मग तांब्याने आपलं काम सुरू केलं.

कोरड्या हवेत तांबं फारसं बदलत नाही. त्यावर तपकिरी-लालसर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि तोच आतल्या धातूला जपतो. ओल आली की चित्र पालटतं. पाण्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड तांब्याशी जुळतो आणि हिरवं कार्बोनेट तयार होतं. मॅलाकाइट या खनिजाचा हिरवा तो हाच. थोडी वेगळी परिस्थिती मिळाली की त्याचं निळं भावंड, अॅझुराइट. पण खरा घातकी आहे क्लोराइड, म्हणजे मिठातला क्लोरीन. तांब्याशी जुळलेला क्लोराइड ओलाव्यात आणि हवेत फुटतो, फिकट हिरवी भुकटी होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा तेच. जुन्या मूर्ती आणि नाणी सांभाळणाऱ्या संग्रहालयवाल्यांना याची धास्ती असते, कारण एकदा सुरू झालं की ओल पूर्ण काढल्याशिवाय ते थांबत नाही.

यात राखेचाही हात असू शकतो. देह जळतो तेव्हा मांस, मज्जा, केस सगळं हवेत जातं. उरतो तो हाडांतला कॅल्शियम फॉस्फेट, मोठ्या माणसाचा दोन ते तीन किलो, आणि त्यात मिसळलेले थोडे क्षार. पाणी डब्यात शिरलं तर हे क्षार विरघळतात आणि सांध्यांतून बाहेर झिरपतात. सांधा सोल्डरचा, म्हणजे कथील आणि शिसं वितळवून जोडलेला असेल तर दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्यात कथील आणि शिसं आधी झिजतात.

म्हणून एक डबा दुसऱ्यासारखा राहिला नाही. कुठे मोरपिशी डाग, कुठे पांढरी बुरशीसारखी फुगवटी, कुठे अवकाशातून पाहिलेल्या समुद्रकिनाऱ्यासारखी निळी रेघ. छायाचित्रकार डेव्हिड मेझेल यांनी टिपलेले हे डबे पाहताना मला भान ठेवावं लागतं. रंग सुंदर आहेत खरे, पण ते आले कुठून? छत गळलं, तळघरात पाणी साचलं आणि कुणी पाहिलं नाही, म्हणून. कागदी लेबलं भिजून गेली. धातूत ठोकलेला आकडा तेवढा टिकला.

कॅल्शियमची आणखी एक आठवण या रुग्णालयाशी जोडलेली आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये इथल्या स्वयंपाकघरात दुधाची पावडर समजून झुरळं मारायची पावडर अंड्यांत पडली. ते सोडियम फ्लोराइड होतं. फ्लोराइड रक्तातल्या कॅल्शियमला घट्ट धरतं. कॅल्शियम कमी पडलं की स्नायू आखडतात आणि हृदयाचा ठोका चुकतो. चारशेहून अधिक लोक आजारी पडले, सत्तेचाळीस दगावले. ज्या कॅल्शियमची राख मागे उरते, त्याच्याच अभावी ही माणसं गेली, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

डबे उजेडात आल्यावर तिथल्या ‘द ऑरेगोनियन’ या वृत्तपत्राने रुग्णालयातल्या हालांवर अग्रलेख लिहिले. त्यांना पत्रकारितेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार २००६ मध्ये मिळाला. पण रुग्णांची नावं गोपनीय. मेलेल्या माणसाचं नाव त्याच्या नातवालाही सांगायचं नाही, असा पेच. शेवटी कायदा बदलावा लागला आणि २०११ मध्ये नावांची यादी खुली झाली. घरच्यांनी कधी न सांगितलेली आजी, पणजोबा, काका त्या यादीत सापडू लागले. तेव्हापासून शेकडो जणांची राख घरी गेली आहे.

ज्यांना न्यायला अजून कुणी आलेलं नाही, त्यांची राख २०१४ मध्ये उभारलेल्या स्मारकाच्या भिंतीत आहे, भाजलेल्या मातीच्या भांड्यांत. भाजलेली माती म्हणजे मुळातच ऑक्साइडं. तिच्यातून हवेला आणि पाण्याला घेण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. ती कळकत नाही. तांब्याचे डबे रिकामे करून शेजारच्या इमारतीत काचेआड ठेवले आहेत, हिरवे-निळे, झाकणावरच्या आकड्यांसकट.