आजी कशी आहे ते सगळे विचारतात, आईला कोण विचारतं?

परवा मामाचा फोन आला, आजी कशी आहे? आई म्हणाली, बरी आहे, आज दोन घास जास्त जेवली. फोन ठेवला आणि आजीची चादर बदलायला गेली, त्या दिवसातली तिसरी. आजीला डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार, होऊन चार वर्षं झाली. तिचं बीपी, शुगर, औषधांच्या वेळा सगळं वहीत लिहिलेलं आहे, आणि त्या वहीत आईबद्दल एक ओळ नाही. कारण आपण धरूनच चालतो की आजार जेवढा मोठा तेवढा घरच्यांना त्रास, मग वेगळं कशाला मोजायचं!

या समजाला 1980 सालीच धक्का बसलाय. अमेरिकेत स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या 29 पेशंटना सांभाळणाऱ्या घरच्यांचं ओझं प्रश्न विचारून मोजलं, तर त्याचा संबंध पेशंट किती बिघडलाय याच्याशी लागलाच नाही, लागला तो बाकीचे नातेवाईक किती वेळा येऊन जातात याच्याशी! माणसं थोडी होती, पुढच्या अभ्यासांत पेशंटच्या वागण्याचाही वाटा दिसला, पण येणंजाणं मोजायला हवं हे तेव्हाच कळलं. ती प्रश्नावली आज 22 प्रश्नांची आहे, प्रत्येकाला 0 ते 4 मार्क, एकूण 88.

पण हे सगळं ‘वाटण्याचं’ झालं, शरीरात काय होतं? यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग 1995 चा, ओहायोमधल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांचा. डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या 13 बायका आणि साधारण त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या 13 बायका, सगळ्यांच्या हातावर 3.5 मिलिमीटरची सारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते बघितलं. भरली हे ठरवायचं कसं, तर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून. उघड्या जखमेतल्या पेशींमध्ये कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतं म्हणून फेस येतो, वर कातडी आली की फेस बंद. सांभाळणाऱ्या बायकांना सरासरी 48.7 दिवस लागले, दुसऱ्यांना 39.3. नऊ दिवसांचा फरक! त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना डिवचलं तर इंटरल्युकिन-1 बीटाचा संदेश-आरएनए (म्हणजे ते बनवायची पेशीतली चिठ्ठी) कमी बनत होता, आणि हे इंटरल्युकिन म्हणजे जखमेपाशी बाकीच्या पेशींना बोलावणारी हाक. ताण लांबला की कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढू शकतं आणि कॉर्टिसोल अशा हाका दाबतं, म्हणजे मदत उशिरा पोचते.

आमच्या शेजारच्या काकूंनी आईवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, दृष्ट लागलीय म्हणे. काकूंची माया खरी आहे, पण आईला दृष्ट नाही, जागरण लागलंय. आणि मनगटावरच्या घड्याळातल्या स्ट्रेसच्या आकड्यावरही विसंबू नका, ते हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर बघून अंदाज बांधतं, रात्री किती वेळा उठावं लागलं आणि का, हे त्याला कुठून कळणार.

शिवाय झारिटच्या प्रश्नावलीत ओझं 88 पैकी 50 आलं तरी द्यायचं काय, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ब्रिटनमध्ये घरी शेवटच्या आजारातल्या माणसाला सांभाळणाऱ्यांसाठी वेगळी प्रश्नावली केलीय, ती त्रास विचारत नाही, ‘यात अजून मदत हवी का, आणि किती’ असं विचारते. त्यातले दोन प्रश्न मी आईला आपल्या बोलीत विचारले. दिवसा स्वतःसाठी वेळ? म्हणाली, थोडा मिळाला तर चालेल. रात्रीची सुट्टी? ती बराच वेळ चादरीची घडी घालत राहिली, मग म्हणाली, खूप हवी रे. मी तिथूनच मामाला फोन लावला. आता शनिवारची रात्र मामा आजीजवळ झोपतो, आणि वहीत आईचं पान सुरू केलंय.