जेम्स बाँडच्या भूमिकेतील अभिनेते

ब्रिटिश गुप्तहेर जेम्स बाँड, म्हणजेच ००७, याची भूमिका ईऑन प्रॉडक्शन्सच्या चित्रपटमालेत सहा अभिनेत्यांनी केली आहे : शॉन कॉनरी, जॉर्ज लेझनबी, रॉजर मूर, टिमथी डाल्टन, पिअर्स ब्रॉस्नन आणि डॅनिएल क्रेग. १९६२ ते २०२१ या काळात या मालेत २५ चित्रपट आले. त्यांपैकी मूरचे सात, कॉनरीचे सहा, क्रेगचे पाच, ब्रॉस्ननचे चार, डाल्टनचे दोन आणि लेझनबीचा एक. यांत श्रेष्ठ कोण, हा वाद सहसा ‘मी लहानपणी पाहिला तोच खरा’ इथवर येऊन अडकतो. तुलनेसाठी याहून भक्कम आधार मालेतच आहे. बंदुकीच्या नळीतून दिसणारी आकृती, आडनाव आधी सांगून करून दिलेली ओळख, एम या वरिष्ठापुढची हजेरी, क्यू या तंत्रज्ञाने हातात ठेवलेली उपकरणे हे प्रसंग पुनःपुन्हा येतात. जुने नाटक नव्या संचात उभे राहिले की शब्द तेच असल्यामुळे नटाचे पाणी लगेच कळते. तसेच काहीसे इथे होते.

मूळ बाँड इअन फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांतला. पहिली कादंबरी, ‘कसिनो रोयाल’, १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. काळे केस, कपाळावर उतरलेली बट, निळसर करडे डोळे आणि गालावर व्रण असे त्याचे वर्णन आहे, आणि दिसण्यात तो होगी कार्मायकल या अमेरिकन संगीतकाराची आठवण करून देतो. पडद्यावरचा एकही बाँड या वर्णनात पुरता बसत नाही. त्यामुळे कादंबरीशी इमान हा निकष वापरायचा तर तो दिसण्यापेक्षा स्वभावाला लावावा लागतो. ईऑनच्या आधी, १९५४ मध्ये, अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर बॅरी नेल्सन याने बाँड साकारला होता. तिथे तो चक्क अमेरिकन होता आणि लोक त्याला ‘जिमी’ म्हणत. १९६७ च्या विडंबनपटात डेव्हिड निव्हन निवृत्त बाँड झाला. हे दोघे तुलनेत क्वचितच धरले जातात.

कॉनरीच्या घडणीत दिग्दर्शक टेरेन्स यंग यांचा वाटा फार मोठा होता. एडिंबरोच्या कामगार वस्तीत वाढलेला, दूध पोचवण्याचे काम केलेला, शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरलेला हा तरुण फ्लेमिंग यांना सुरुवातीला पटला नव्हता. यंग यांनी त्याला आपल्या शिंप्याकडे नेले, उत्तम कपड्यांत सहज वावरायला शिकवले. बाँडची जी ऐट पुढे जगभर कॉनरीची म्हणून ओळखली गेली, तिचा बराचसा भाग यंग यांच्या स्वतःच्या राहणीतून आलेला होता. कॉनरीने त्यात घातली ती चाल. एवढा धिप्पाड माणूस इतका हलक्या पावलांनी चालतो, याचाच प्रेक्षकाला धाक वाटतो. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३) मधील रेल्वेच्या डब्यातील मारामारी याचा उत्तम नमुना आहे : अरुंद जागा, संगीत नाही, आणि समोर मारेकऱ्याच्या भूमिकेत रॉबर्ट शॉ. फ्लेमिंग यांचेही मत पालटले आणि नंतरच्या कादंबरीत त्यांनी बाँडला स्कॉटिश वडील दिले. नटाने लेखकाच्या पात्राला वंशावळ मिळवून दिल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

प्रसिद्ध ओळखवाक्याचा जन्मही कॉनरीच्या पहिल्याच चित्रपटातला, ‘डॉक्टर नो’ (१९६२) मधला. जुगाराच्या टेबलावर सिल्व्हिया ट्रेंच ही स्त्री आधी आडनाव आणि मग पूर्ण नाव अशा रीतीने आपली ओळख सांगते आणि बाँड सिगारेट पेटवता पेटवता तीच लकब तिला परत करतो. म्हणजे मुळात हे वाक्य बढाईचे नव्हते. तो समोरच्या स्त्रीला परत केलेला टोला होता. तोवर कॅमेऱ्याने त्याचा चेहरा दाखवलेला नसतो. पुढच्या प्रत्येक नटाला हे वाक्य बाँडचे ब्रीद म्हणून मिळाले आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या परीने सोडवला. मूरच्या पहिल्या चित्रपटात, ‘लिव्ह अँड लेट डाय’ (१९७३) मध्ये, हार्लेममधला खलनायक त्याला नाव पुरे करूच देत नाही, आणि मूर ती फजिती भुवईसुद्धा न हलवता पचवतो. क्रेगच्या पहिल्या चित्रपटात हे वाक्य थेट शेवटी येते, कमावल्यासारखे. दुसऱ्यात येतच नाही.

बंदुकीच्या नळीचे दृश्य मॉरिस बाइंडर यांनी रचले. पहिल्या तीन चित्रपटांत त्या नळीत दिसणारा माणूस कॉनरी नाहीच. तो बॉब सिमन्स हा साहसदृश्ये करणारा कलाकार आहे. कॉनरी स्वतः तिथे आला तो ‘थंडरबॉल’पासून (१९६५). लेझनबी गोळी झाडताना एका गुडघ्यावर बसतो. मूरने हॅट काढून ठेवली आणि पिस्तूल दोन्ही हातांनी धरले. क्रेगच्या वेळी या दृश्याची जागाच हलत राहिली : पहिल्या चित्रपटात ते कथेतल्याच एका झटापटीतून उगवते, पुढच्या दोनांत अगदी शेवटी ढकलले जाते, आणि अखेरच्या चित्रपटात पडद्यावर रक्त ओघळत नाही. काही सेकंदांचा ऐवज, पण निर्मात्यांना त्या त्या नटाकडून काय हवे होते ते यातून नेमके कळते.

लेझनबीवर तुलनाकारांनी अन्याय केला आणि अलीकडे त्याची भरपाईही जरा जास्तच केली. हा ऑस्ट्रेलियन मॉडेल, चित्रपटातील अभिनयाचा अनुभव जवळपास शून्य, निवड-चाचणीतल्या मारामारीत त्याने समोरच्याच्या नाकावर खराखुरा ठोसा मारला. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ (१९६९) मध्ये बाँड वेष पालटून वावरतो तेव्हा त्या बऱ्याच भागात त्याला आवाजही दुसऱ्या नटाचा, जॉर्ज बेकरचा, आहे. चित्रपटाच्या आरंभी नायिका त्याला टाकून निघून जाते आणि तो ‘त्या दुसऱ्याच्या बाबतीत असे कधी घडले नव्हते’ अशा अर्थाचे वाक्य टाकतो. नट बदलल्याची एवढी उघड कबुली मालेने पुन्हा दिली नाही. शेवटी लग्नानंतर काही वेळातच ती नायिका, ट्रेसी, मारली जाते आणि बाँड तिला कवटाळून बसतो. त्या प्रसंगात लेझनबीचे कच्चेपण त्याच्या कामी येते. तिथे कॉनरी असता तर प्रेक्षकाने त्याच्या सुडाची वाट पाहिली असती. लेझनबीकडे पाहताना फक्त हादरलेला माणूस दिसतो. पुढच्या चित्रपटांचा करार त्याने नाकारला, कारण असल्या हेरपटांचे दिवस संपले असा सल्ला त्याला मिळाला होता. निर्मात्यांनी १९७१ च्या चित्रपटासाठी कॉनरीला परत आणले. त्या चित्रपटाचे साडेबारा लाख डॉलर मानधन त्याने स्कॉटलंडमधील शैक्षणिक न्यासाला दिले.

रॉजर मूर कॉनरीपेक्षा जवळपास तीन वर्षांनी मोठा होता, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. तो आला तेव्हा ४५ वर्षांचा होता आणि ‘अ व्ह्यू टू अ किल’ (१९८५) प्रदर्शित झाला तेव्हा ५७ चा. मारामारीत त्याच्यावर विश्वास बसत नाही हा आक्षेप रास्त आहे. परंतु मूरने ओळखले होते की, ज्या हेराला जगातला प्रत्येक मद्यविक्रेता नावानिशी ओळखतो, तो हेर गंभीरपणे घ्यायची वस्तूच नाही. ही थट्टा तो पात्राच्या आत राहून करतो, बाहेर पडून नाही. त्याचा कस लागला तो ‘फॉर युअर आईज ओन्ली’ मध्ये (१९८१). त्याआधीच्या चित्रपटात बाँड अवकाशात जाऊन आला होता, त्यामुळे आता त्याला जमिनीवर आणायचे ठरले. एका प्रसंगात तो कड्यावर लटकलेली मोटार लाथेने खाली ढकलून मारेकऱ्याचा जीव घेतो. हे आपल्या बाँडला शोभत नाही, असे मूरचे म्हणणे होते. दिग्दर्शक जॉन ग्लेन यांनी ते केलेच, आणि मूरच्या कारकिर्दीतला तो सर्वांत थंड क्षण ठरला.

या एका लाथेने तुलनेतला मोठा गोंधळ उघड होतो. प्रत्येक नव्या नटाबरोबर माला ‘वास्तवाकडे परतली’ असे म्हटले जाते आणि श्रेय नटाला मिळते. खरे तर लंबक आधीच परत फिरलेला असतो. १९६७ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मधील ज्वालामुखीतल्या तळानंतर १९६९ ची शोकांतिका आली, अवकाशानंतर १९८१ चा साधा चित्रपट आला, आणि या दुसऱ्या वेळी तर नट बदललाच नव्हता. पटकथाकार रिचर्ड माइबम यांनी कॉनरी, लेझनबी, मूर आणि डाल्टन या चौघांसाठीही लिहिले. मग नटाचे किती आणि लेखणीचे किती, हा हिशेब केल्याशिवाय गुण वाटणे धोक्याचे आहे.

डाल्टन आणि ब्रॉस्नन यांची नावे एकमेकांत अडकलेली आहेत. १९८६ मध्ये निवड झाली होती ती ब्रॉस्ननची. पण त्याच्या दूरचित्रवाणी मालिकेचा करार वाहिनीने ऐन वेळी वाढवला आणि भूमिका डाल्टनकडे गेली. शेक्सपिअरच्या नाटकांतून आलेल्या डाल्टनने फ्लेमिंग यांची पुस्तके पुन्हा काढली आणि आपल्या कामाचा वीट आलेला, चिडका बाँड उभा केला. ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ (१९८७) मध्ये तो नेमबाज स्त्रीला मारायचे टाळतो आणि त्यासाठी नोकरी गेली तरी बेहत्तर असे सांगतो, तेव्हा ते खरे वाटते. विनोदी वाक्ये मात्र त्याच्या तोंडी उपरी वाटतात; ती मूरच्या मापाने शिवलेली असावीत अशी शंका येते. ‘लायसन्स टू किल’ (१९८९) इतका रक्तरंजित होता की ब्रिटनमध्ये पंधरा वर्षांखालील मुलांना तो पाहता आला नाही. मग कायदेशीर तंट्यांत सहा वर्षे गेली आणि डाल्टन बाजूला झाला.

ब्रॉस्नन १९९५ मध्ये ‘गोल्डनआय’मधून आला तेव्हा शीतयुद्ध संपलेले होते आणि नवी एम, जुडी डेंच, बाँडला तोंडावर शीतयुद्धाचा अवशेष म्हणते. ब्रॉस्ननमध्ये कॉनरीची धार, मूरचा मिस्कीलपणा आणि डाल्टनची जखम तिन्ही थोडेथोडे आहे. हेच त्याचे बळ आणि हीच त्याची अडचण. सरासरी उत्तम, पण त्याचा स्वतःचा असा एक प्रसंग पटकन आठवत नाही. त्याचा अखेरचा चित्रपट (२००२) अदृश्य होणाऱ्या मोटारीपर्यंत गेला, आणि लंबक पुन्हा फिरला.

क्रेगची निवड २००५ मध्ये जाहीर झाली तेव्हा सोनेरी केसांचा बाँड नको म्हणून ओरड झाली. ‘कसिनो रोयाल’ (२००६) च्या पहिल्या पाठलागातच ती विरली. पळणारा माणूस भिंतीतल्या अरुंद फटीतून लवचिकपणे पलीकडे जातो. बाँड सरळ भिंत फोडून येतो. पात्राचा सगळा स्वभाव त्या दोन उड्यांत आहे. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल यांनीच ब्रॉस्ननचाही पहिला चित्रपट केला होता, त्यामुळे हे दोन चित्रपट शेजारी ठेवले तर नटांतला फरक सर्वांत स्वच्छ दिसतो : ब्रॉस्नन रणगाड्यातून शहर तुडवतानाही टाय नीट करतो, क्रेगच्या शर्टावरचे रक्त पुढच्या प्रसंगापर्यंत वाळत नाही. क्रेगच्या पाच चित्रपटांत आधीच्या घटनांचे परिणाम पुढे चालत राहतात, आणि ही सोय आधीच्या कोणालाच मिळालेली नव्हती. ‘स्कायफॉल’ (२०१२) हा शंभर कोटी डॉलरची कमाई ओलांडणारा पहिला बाँडपट ठरला.

सर्वांत विश्वासू साक्षीदार मात्र सहकलाकार आहेत. डेस्मंड लेवेलिन याने १९६३ ते १९९९ या काळात १७ चित्रपटांत क्यूची भूमिका केली आणि पहिल्या पाचही बाँडांपुढे तो उभा राहिला. उपकरणे नीट परत आणा, ही तक्रार तीच; कॉनरीशी ती कडक मास्तराची वाटते, मूरशी हताश कारकुनाची, डाल्टनच्या मदतीला क्यू स्वतः मोहिमेवर धावतो तेव्हा घरातल्या काकाची, आणि ब्रॉस्ननला दिलेल्या निरोपात तिचे आशीर्वादात रूपांतर होते. एमची सचिव मनीपेनी हिच्या भूमिकेत लोइस मॅक्सवेल हिने पहिल्या तिघांना वागवले. डेंचने ब्रॉस्ननला अवशेष म्हणून झिडकारले आणि ‘स्कायफॉल’मध्ये क्रेगच्या मिठीत प्राण सोडले. बाई तीच, कचेरी जवळपास तीच. बदलला तो समोरचा माणूस.

‘जेम्स बाँड’ हे एका हेराकडून दुसऱ्याकडे जाणारे सांकेतिक नाव असावे, अशी एक चाहत्यांची उपपत्ती आहे. चित्रपट तिला साथ देत नाहीत. लेझनबीच्या बाँडची पत्नी मेली, पण तिच्या कबरीवर फुले ठेवतो तो मूर (१९८१), आणि कधीकाळी त्याचे लग्न झाले होते हे सांगितले जाते ते डाल्टनच्या बाबतीत. क्रेगच्या बाँडच्या आईवडिलांची कबर स्कॉटलंडमध्ये आहे आणि तिच्यावर आडनाव बाँडच आहे.

१९८३ मध्ये तुलनेची संधी चित्रपटगृहांतच चालून आली. जूनमध्ये मूरचा ‘ऑक्टोपसी’ लागला, ज्याचे बरेच चित्रीकरण उदयपूरला झाले आणि ज्यात कबीर बेदी व विजय अमृतराज होते. ऑक्टोबरमध्ये ईऑनबाहेरच्या निर्मात्यांनी कॉनरीला ‘नेव्हर से नेव्हर अगेन’मध्ये उभे केले. तिकीटखिडकीवर मूर पुढे राहिला. पन्नाशी ओलांडलेले दोन बाँड एकाच वर्षी, आणि दोघांपैकी वयाची चेष्टा मोकळेपणाने केली ती कॉनरीने.

‘नो टाइम टू डाय’ (२०२१) मध्ये बाँड मरतो. ईऑनच्या मालेत असे प्रथमच घडले. शेवटी वाजते ते लुई आर्मस्ट्राँगचे, लेझनबीच्या चित्रपटातले गाणे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मालेचे सर्जनशील नियंत्रण ॲमेझॉन एमजीएमकडे गेले. क्रेगच्या त्या अखेरच्या चित्रपटाची श्रेयनामावली संपते ती जुन्याच ओळीने : जेम्स बाँड परत येईल.